मिग-२१: शौर्य आकाशातले, दिरंगाई जमिनीवरची

चंदीगडच्या हवाई तळावर २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ या लढाऊ विमानाने भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. 'पँथर्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या विमानांनी अखेरची भरारी घेतली. त्यातील एका विमानाचे सारथ्य खुद्द हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी केले. विमाने उतरल्यावर पाण्याच्या फवाऱ्यांनी त्यांना मानवंदना देण्यात आली आणि विमानाच्या देखभालीच्या नोंदी ज्यात ठेवल्या जातात, तो 'फॉर्म ७००' संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हाती सोपविण्यात आला. १९६३ मध्ये याच चंदीगडला मिग-२१ची पहिली तुकडी उभी राहिली होती. बासष्ट वर्षांनी तिथेच त्याच्या सेवेची सांगता झाली.

या बासष्ट वर्षांत या विमानाला दोन अगदी परस्परविरोधी बिरुदे चिकटली. १९७१ च्या युद्धात ढाक्यावर झेपावणारे मिग-२१ हे हवाई दलाचा कणा मानले गेले. तर नव्वदच्या दशकापासून अपघातांच्या मालिकेमुळे त्याच विमानाला 'उडती शवपेटी' म्हटले जाऊ लागले. निरोपाच्या निमित्ताने गौरवाचे शब्द भरपूर उच्चारले गेले आणि ते अनाठायी नव्हते. परंतु एकच विमान एका पिढीला अभिमानाचे आणि पुढच्या पिढीला भीतीचे का वाटावे, याचे उत्तर त्या गौरवात सापडत नाही. विमान तेच होते. त्याची जागा घेणारे विमान आणि त्याच्यासाठी वैमानिक घडविणारे विमान, या दोहोंविषयीचे निर्णय मात्र वर्षानुवर्षे लांबले. मिग-२१च्या कहाणीतील हा भाग आज अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो अद्याप संपलेला नाही.

ध्वनीच्या दुप्पट वेगाचा ध्यास

मिग-२१चा जन्म कोरियन युद्धाच्या अनुभवातून झाला. त्या युद्धात अमेरिकेची सेबर आणि सोव्हिएत बनावटीची मिग-१५ ही विमाने समोरासमोर आली आणि पुढील लढाई वेग व उंचीच्या जोरावर होणार, हे दोन्ही बाजूंनी ओळखले. आर्त्योम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच यांच्या रचना केंद्राने ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शकेल, असे हलके आणि स्वस्त विमान घडविण्याचे काम हाती घेतले. पंख कसे असावेत, यावर एकमत नव्हते. त्यामुळे १९५५ मध्ये मागे झुकलेल्या पंखांचा एक आणि त्रिकोणी पंखांचा एक, असे दोन वेगळे नमुने उडविण्यात आले. अखेर त्रिकोणी पंखाला पसंती मिळाली आणि त्याच्या जोडीला मागे शेपटीचे आडवे पंख कायम ठेवण्यात आले. १९५९ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी या मालिकेतील एका खास नमुन्याने ताशी २,३८८ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम नोंदविला. चालक होते जॉर्जी मोसोलोव्ह.

या विमानाची कल्पना साधी होती. शत्रूचे बॉम्बफेकी विमान सीमेकडे येत आहे, असे जमिनीवरील रडारला दिसले, की मिग-२१ने झपाट्याने उंची गाठावी, जमिनीवरून मिळणाऱ्या सूचनांनुसार लक्ष्यापर्यंत जावे, क्षेपणास्त्र डागावे आणि परतावे. त्यामुळे त्यात इंधन बेताचेच होते, रडार लहान होते आणि चालककक्ष अरुंद होता. एकच इंजिन होते. क्षेपणास्त्राची कथाही उद्बोधक आहे. १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवरील चकमकीत अमेरिकी बनावटीचे एक साइडवाइंडर क्षेपणास्त्र न फुटता चिनी मिगमध्ये रुतून राहिले. ते सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती पडले आणि त्यावरून तयार झालेले के-१३ हे क्षेपणास्त्र पुढे मिग-२१चे मुख्य अस्त्र बनले.

विमान स्वस्त, देखभालीस सोपे आणि वेगवान असल्याने त्याचा प्रसार विलक्षण झाला. सर्व कारखाने मिळून अकरा हजारांहून अधिक मिग-२१ तयार झाली आणि सुमारे साठ देशांच्या हवाई दलांत ती दाखल झाली. स्वनातीत लढाऊ विमानांपैकी इतक्या मोठ्या संख्येने दुसरे कोणतेही बनले नाही.

व्हिएतनामचा धडा

मिग-२१ची खरी परीक्षा व्हिएतनामच्या आकाशात झाली. १९६६ पासून उत्तर व्हिएतनामच्या वैमानिकांनी या लहानशा विमानाच्या साह्याने अमेरिकेच्या अवजड फँटम आणि थंडरचीफ विमानांना जेरीस आणले. जमिनीवरील रडारच्या सूचनांनुसार मागून यावे, एकच घाव घालावा आणि निसटावे, ही त्यांची पद्धत होती. अमेरिकेने २ जानेवारी १९६७ रोजी 'ऑपरेशन बोलो' आखून त्याला उत्तर दिले. फँटम विमाने बॉम्बवाहू थंडरचीफसारखी भासवून मिगना वर येण्यास भाग पाडण्यात आले आणि सात मिग-२१ पाडल्याचा दावा अमेरिकेने केला. व्हिएतनामी वैमानिक मात्र काही काळ थांबून, पद्धत बदलून पुन्हा मैदानात उतरले. न्गुएन व्हान कॉक या वैमानिकाच्या नावावर नऊ बळींची नोंद आहे.

या युद्धाने दोन्ही बाजूंना दोन गोष्टी शिकविल्या. पहिली, क्षेपणास्त्रांच्या भरवशावर विमानातून तोफ काढून टाकणे ही चूक होती. फँटमच्या आरंभीच्या आवृत्त्यांत तोफ नव्हती. मिग-२१च्या भारताने घेतलेल्या 'एफएल' आवृत्तीतही नव्हती. दोन्ही विमानांना ती पुढे जोडावी लागली. दुसरी गोष्ट अधिक मोलाची होती. आकाशातील विजय यंत्रापेक्षा प्रशिक्षणावर अवलंबून असतो, हे अमेरिकी नौदलाने ओळखले आणि १९६९ मध्ये आपल्या वैमानिकांसाठी हवाई द्वंद्वाची स्वतंत्र शाळा सुरू केली. 'टॉप गन' या नावाने ती जगभर गाजली. भारताला मात्र हाच धडा फार उशिरा आणि फार मोठी किंमत देऊन गिरवावा लागला.

मॉस्कोचा करार आणि ओझरचा कारखाना

साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ स्टारफायटर ही अत्याधुनिक विमाने दिली. त्यांना तोडीस तोड विमान मिळविणे भारताला भाग होते. पाश्चात्त्य देशांकडून हवे ते विमान हव्या त्या अटींवर मिळण्याची चिन्हे नव्हती. सोव्हिएत संघाने मात्र विमानाबरोबर ते भारतात बनविण्याचा परवानाही देऊ केला. ऑगस्ट १९६२ मध्ये, म्हणजे चीनच्या आक्रमणाच्या अवघे दोन महिने आधी, हा करार झाला. सोव्हिएत लढाऊ विमान घेण्याची भारताची ही पहिलीच वेळ होती आणि त्यातून संरक्षण सहकार्याचा जो मार्ग आखला गेला, तो पुढील सहा दशके टिकला.

या कराराने महाराष्ट्राच्या औद्योगिक नकाशावर एक नवे नाव आणले. विमानाचा सांगाडा नाशिकजवळील ओझर येथे, इंजिन ओडिशातील कोरापूट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे, अशी कामाची विभागणी झाली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या म्हणजेच एचएएलच्या ओझर कारखान्याची १९६४ मध्ये उभारणी झाली. प्रारंभी रशियातून आलेल्या सुट्या भागांची जुळणी होत असे. पुढे कच्च्या मालापासून विमान घडविण्यापर्यंत मजल गेली. एफएल, एम आणि बिस या तीन आवृत्त्या मिळून १९८७ पर्यंत भारतात सुमारे साडेसहाशे मिग-२१ बनली. द्राक्षांसाठी प्रसिद्ध असलेल्या निफाड तालुक्यात विमान जुळविणाऱ्या कुशल कामगारांची एक संपूर्ण पिढी घडली. मिग-२७ आणि सुखोई-३० ही विमानेही पुढे याच कारखान्यातून बाहेर पडली.

ढाक्याचे राजभवन

१९६५ च्या युद्धाच्या वेळी भारताकडे मोजकीच मिग-२१ होती. त्यांपैकी दोन विमाने ६ सप्टेंबर रोजी पठाणकोटच्या तळावर पाकिस्तानी हल्ल्यात जमिनीवरच नष्ट झाली. सहा वर्षांनी चित्र पूर्ण बदलले होते. १९७१ मध्ये मिग-२१ ही हवाई दलाची प्रमुख शक्ती बनली होती.

पूर्व आघाडीवर ६ डिसेंबर रोजी मिग-२१नी ढाक्याजवळील तेजगावची धावपट्टी बॉम्बफेक करून उखडली. त्यानंतर पूर्व पाकिस्तानातील पाकिस्तानी हवाई दल उड्डाणच करू शकले नाही. उंचावर अडविण्यासाठी घडविलेल्या विमानाने हे जमिनीवरील लक्ष्याचे काम केले, हे विशेष. त्याहून परिणामकारक कारवाई १४ डिसेंबरला झाली. ढाक्यात दुपारी राज्यपालांच्या उपस्थितीत महत्त्वाची बैठक होणार असल्याची माहिती भारतीय गुप्तचरांना मिळाली. गुवाहाटीच्या तळावर विंग कमांडर बी. के. बिष्णोई यांच्याकडे कामगिरी सोपविण्यात आली. लक्ष्य शोधण्यासाठी त्यांच्या हाती ढाक्याचा पर्यटकांसाठीचा नकाशा होता. उड्डाणाच्या अगदी तोंडावर लक्ष्य सर्किट हाऊस नसून राजभवन असल्याची सूचना त्यांना मिळाली. २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या चार मिग-२१नी राजभवनाच्या छतावर रॉकेटांचा अचूक मारा केला. राज्यपाल ए. एम. मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला आणि तटस्थ क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलात आश्रय घेतला. दोन दिवसांनी जनरल नियाझी यांनी शरणागती पत्करली.

पश्चिम आघाडीवर स्टारफायटर विरुद्ध मिग-२१ हा बहुप्रतीक्षित सामना झाला. १२ डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी जामनगरवर चालून आलेल्या स्टारफायटरचा कच्छच्या आखातावर पाठलाग केला. क्षेपणास्त्राचा नेम चुकला, तेव्हा पोटाखाली नव्याने जोडलेल्या तोफेने त्यांनी ते विमान पाडले. ज्या विमानाच्या धास्तीने भारताने मिग-२१ घेतले, त्याच विमानावर त्याने मात केली होती. १९६२ चा निर्णय योग्य ठरल्याचे याहून मोठे प्रमाण कोणते?

अपघातांची मालिका

गौरवाच्या या पार्श्वभूमीवर पुढील आकडे अंगावर काटा आणणारे आहेत. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी मे २०१२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, मिग मालिकेतील ८७२ विमानांपैकी ४८२ विमानांना १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत अपघात झाले. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिकांना प्राण गमवावे लागले. या आकड्यांत मिग-२१बरोबर इतर मिग विमानेही येतात. तथापि संख्येने मिग-२१च सर्वाधिक असल्याने ओझे मुख्यतः त्याच्याच माथी आले.

यावरून विमानच मुळात सदोष होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु इतिहास तसे सांगत नाही. त्या पिढीतील सर्वच अतिवेगवान विमाने क्षमाशील नव्हती. पश्चिम जर्मनीने घेतलेल्या ९१६ स्टारफायटर विमानांपैकी २९२ विमाने अपघातांत नष्ट झाली आणि शंभरहून अधिक वैमानिक मृत्युमुखी पडले. जर्मन लोक त्या विमानाला 'विधवा करणारे विमान' म्हणत. दोन्ही देशांतील उड्डाणांचे तास आणि सेवेचा कालावधी वेगळा असल्याने थेट तुलना करता येणार नाही. तरीही वेगाच्या हव्यासाने घडविलेली ही विमाने अननुभवी हातांसाठी नव्हती, एवढे त्यावरून स्पष्ट होते. मिग-२१ला धावपट्टीकडे येताना ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेग राखावा लागे. वेग थोडा कमी झाला, तरी विमान कोसळण्याचा धोका असे. पक्षी आदळून किंवा अन्य कारणाने एकमेव इंजिन बंद पडले, तर निर्णयासाठी काही सेकंदच उरत.

जर्मनीने स्टारफायटर पुढे निवृत्त केले. भारताने मिग-२१ उडवत ठेवले, आणि तेही त्याचा मूळ हेतू बदलून. उंचावर अडविण्यासाठी केलेले विमान जमिनीवरील हल्ल्यासाठी, टेहळणीसाठी आणि सर्वांत गंभीर म्हणजे नवशिक्या वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरले गेले. सोव्हिएत संघाचे १९९१ मध्ये विघटन झाल्यावर सुट्या भागांचा पुरवठाही विस्कळीत झाला. विमानाचे वय वाढत होते आणि त्याच्यावरील भारही.

बावीस वर्षे रखडलेले विमान

या कहाणीतील सर्वांत क्लेशदायक प्रकरण एका वेगळ्याच विमानाचे आहे. प्रशिक्षणार्थी वैमानिक किरणसारख्या संथ विमानावर शिकून थेट मिग-२१कडे वळत असत. आसाममधील तेजपूरच्या तळावर त्यांचे हे प्रशिक्षण होई. ताशी काहीशे किलोमीटर वेगाची सवय असलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या हाती ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमान दिले जात होते. मधली पायरीच नव्हती. ती पायरी म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षक विमान. त्याची शिफारस एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ मध्येच केली होती. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने लढाऊ विमानांच्या अपघातांविषयीचा आपला अहवाल १९९७ मध्ये सादर केला. समित्या झाल्या, अहवाल आले, चाचण्या झाल्या, दरांची घासाघीस झाली. ब्रिटनच्या हॉक विमानांच्या खरेदीचा करार प्रत्यक्षात मार्च २००४ मध्ये झाला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये कर्नाटकातील बिदरच्या तळावर ती विमाने रीतसर दाखल झाली. शिफारस ते करार, या प्रवासाला बावीस वर्षे लागली.

या बावीस वर्षांची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत मुंबईचे गाडगीळ कुटुंब होते. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातील सुरतगड येथे उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यात त्यांचा अंत झाला. चौकशीत वैमानिकाकडे बोट दाखविणारा निष्कर्ष त्यांच्या आई-वडिलांनी मान्य केला नाही. मुलाच्या नावाने संस्था स्थापून त्यांनी हवाई सुरक्षेचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न सातत्याने लावून धरला. २००६ मध्ये आलेल्या 'रंग दे बसंती' या चित्रपटाचे कथानकही मिग-२१च्या अपघातात मृत्यू पावलेल्या वैमानिकाभोवती फिरते. प्रदर्शनापूर्वी तो तत्कालीन संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी यांना दाखविण्यात आला होता. संरक्षण व्यवस्थेतील एक तांत्रिक प्रश्न सर्वसामान्यांच्या घराघरांत पोहोचला, तो असा.

प्रश्न न्यायालयातही गेला. २००५ मधील मिग-२१च्या अपघातात जायबंदी झालेल्या एका अधिकाऱ्याने, सदोष विमान उडवायला लावणे हा सुरक्षित वातावरणात काम करण्याच्या आपल्या अधिकाराचा भंग असल्याचे सांगत दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. २०१७ मध्ये न्यायालयाने त्याला ५५ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. सैनिकाने धोका पत्करणे अभिप्रेत असते. परंतु तो धोका शत्रूकडून यावा, स्वतःच्या विमानाकडून नव्हे, हाच या निर्णयाचा मथितार्थ होता.

बायसनचे वाढीव आयुष्य

पर्यायी विमान वेळेत येत नाही, हे स्पष्ट झाल्यावर १९९६ मध्ये सव्वाशे मिग-२१ बिस विमानांचे आधुनिकीकरण करण्याचा करार झाला. नवे रडार, नवी क्षेपणास्त्रे आणि नवी उपकरणे घेऊन 'बायसन' हे त्याचे नवे रूप अवतरले. २००४ मध्ये ग्वाल्हेर येथे अमेरिकी हवाई दलाबरोबर झालेल्या सरावात बायसनने एफ-१५ विमानांसमोर केलेल्या कामगिरीची दखल अमेरिकी अधिकाऱ्यांनीही घेतली. परंतु रडार बदलल्याने विमानाचा सांगाडा तरुण होत नाही.

या काळातही मिग-२१चे वैमानिक कर्तव्यात कमी पडले नाहीत. कारगिल संघर्षात २७ मे १९९९ रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांना आपल्या विमानातून बाहेर उडी घ्यावी लागली. तेव्हा सुरक्षित माघारी न फिरता स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आपले मिग-२१ घेऊन त्यांचा शोध घेत राहिले. क्षेपणास्त्राने त्यांचे विमान टिपले आणि ते हुतात्मा झाले. मरणोत्तर वीरचक्राने त्यांचा सन्मान झाला. त्यानंतर वीस वर्षांनी, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, विंग कमांडर अभिनंदन वर्धमान बायसन घेऊनच पाकिस्तानी विमानांना सामोरे गेले. आपले विमान पडण्यापूर्वी त्यांनी एफ-१६ पाडल्याचे भारताने सांगितले, पाकिस्तानने ते नाकारले. या वादाचा निकाल काहीही लागो. साठच्या दशकात भारतात आलेल्या रचनेचे विमान २०१९ मध्येही सीमेवर पहिल्या फळीत असावे, ही बाब वैमानिकाच्या धैर्याची जितकी साक्ष देते, तितकीच नियोजनाच्या दारिद्र्याचीही देते.

८ मे २०२३ रोजी राजस्थानातील हनुमानगड जिल्ह्यात मिग-२१ एका घरावर कोसळले आणि तीन महिलांचा मृत्यू झाला. वैमानिक बचावला. घरात बसलेल्या त्या महिलांनी कोणताही धोका पत्करला नव्हता. शेजारी देशानेही असाच आघात सोसला. मिग-२१वरून चीनने विकसित केलेल्या मालिकेतील बांगलादेश हवाई दलाचे एफ-७ विमान २१ जुलै २०२५ रोजी ढाक्यातील एका शाळेवर कोसळले. तीसहून अधिक जणांचा बळी गेला. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. ज्या शहरात मिग-२१ने सर्वांत मोठा पराक्रम गाजविला, तिथेच त्याच्या वंशातील विमानाने अशी शोकांतिका घडवावी, हा दैवदुर्विलास होय. ते विमान कारखान्यातून फार जुन्या काळी बाहेर पडलेले नव्हते. त्याची मूळ रचना मात्र पन्नासच्या दशकातील होती.

आता कसोटी तेजसची

मिग-२१ची जागा घेण्यासाठीच हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली होती. त्याचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले आणि 'तेजस' या नावाने त्याची पहिली स्क्वाड्रन १ जुलै २०१६ रोजी उभी राहिली. मंजुरीपासून पहिल्या स्क्वाड्रनपर्यंत तेहतीस वर्षे गेली. दरम्यान १२६ मध्यम लढाऊ विमानांच्या खरेदीसाठी २००७ मध्ये निविदा निघाली, २०१२ मध्ये राफेलची निवड झाली आणि २०१५ मध्ये ती प्रक्रियाच गुंडाळण्यात आली. अखेर छत्तीस राफेल विमाने आली. एका पर्यायाच्या आशेवर दुसरा पर्याय रेंगाळत राहिला आणि मधली पोकळी मिग-२१ भरून काढत राहिले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला. मार्च २०२४ पासून ती मिळणे अपेक्षित होते. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून येणाऱ्या इंजिनांना विलंब झाला, अन्य तांत्रिक बाबीही रखडल्या. मिग-२१ निवृत्त झाले, त्या दिवशी यातील एकही विमान हवाई दलाच्या ताब्यात आले नव्हते. निरोपाच्या आदल्याच दिवशी, २५ सप्टेंबर २०२५ रोजी, आणखी ९७ तेजसच्या ६२,३७० कोटी रुपयांच्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. कागदावर भरणा झाला. धावपट्टीवर मात्र मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या तुलनेत केवळ २९ स्क्वाड्रन उरल्या. एकही संरक्षण प्रकल्प ठरल्या वेळेत पूर्ण होत नसल्याची खंत हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी मे महिन्यात जाहीरपणे बोलून दाखविली होती. ती केवळ उद्वेगातून आलेली नव्हती, तिच्यामागे मिग-२१चा चार दशकांचा अनुभव उभा होता.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. स्वदेशी विमान घडविण्यास वेळ लागतो आणि घाई केली, तर सुरक्षिततेशी तडजोड होते. त्यात तथ्य आहे. तेजसची अपघातरहित चाचणी-उड्डाणांची दीर्घ परंपरा संयमाचेच फळ होती. दुबईतील हवाई प्रदर्शनात २१ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या तेजसच्या अपघातात विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. नवे विमानही धोक्यापासून मुक्त नसते, याची ती वेदनादायी आठवण होती. परंतु विकासासाठी लागणारा वेळ आणि निर्णयासाठी दवडलेला वेळ, या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रगत प्रशिक्षक विमान भारताला घडवायचे नव्हते, विकत घ्यायचे होते. तरीही बावीस वर्षे गेली. विकासाच्या अडचणी समजून घेता येतात, फायलींच्या प्रवासाचे समर्थन करता येत नाही.

मिग-२१चा निरोप समारंभ झाल्यावर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरच्या धावपट्टीवरून नाशिक येथे बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने उड्डाण केले. ज्या कारखान्याची उभारणीच मिग-२१साठी झाली, तिथेच त्याचा वारसदार घडू लागला आहे. या नव्या उत्पादन साखळीची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. नाशिककरांना त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र क्षमता आणि प्रत्यक्ष पुरवठा यांतील अंतर किती राहते, त्यावर हवाई दलातील आजच्या आणि उद्याच्या वैमानिकांचे भवितव्य अवलंबून आहे. कारण मिग-२१ गेल्यावर आता जग्वारसारखी आणखी जुनी होत चाललेली विमाने रांगेत उभी आहेत. त्यांच्या जागी वेळेत काही आले नाही, तर तीही वय उलटूनही उडतच राहतील.

मिग-२१ला 'उडती शवपेटी' म्हणणे हे त्या विमानावर अन्याय करणारे आहेच. त्याहून अधिक म्हणजे जबाबदारी यंत्रावर ढकलून मोकळे होणारे आहे. १९७१ मध्ये या विमानाने आपले काम चोख केले. त्याला निवृत्त करण्याचे काम ज्यांचे होते, त्यांनी ते वेळेवर केले नाही. चंदीगडला पाण्याच्या फवाऱ्यांनी झालेली मानवंदना त्या विमानाला आणि ते उडविणाऱ्यांना शोभणारीच होती. मात्र सुरतगडला, तेजपूरला आणि हनुमानगडला जे गेले, त्यांना खरी मानवंदना तेव्हाच मिळेल, जेव्हा पुढचे विमान ठरल्या तारखेला धावपट्टीवर उभे असेल.